रानवाटा आणि दुकान : अमेरिकेंतील दूरचित्रवाणीची एक कहाणी

जत्रा आणि बाजार हीं जुळीं भावंडें आहेत. ज्या गांवीं देवाची यात्रा भरते, त्या गांवीं बांगड्यांचीं, मिठाईचीं व खेळण्यांचीं दुकानें आपोआप लागतात. भाविक दर्शनाला येतो आणि परत जातांना पोराबाळांसाठीं कांहीं ना कांहीं घेऊन जातो. यांत कोणालाच वावगें वाटत नाहीं. कारण दर्शन कोठें संपलें व खरेदी कोठें सुरू झाली, हें प्रत्येकाला स्पष्ट दिसत असतें. परंतु देवळाच्या गाभाऱ्यांतच दुकान मांडलें तर? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दूरचित्रवाणीच्या बाबतींत हा प्रश्न कल्पनेंतला राहिला नाहीं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत तो प्रत्यक्ष उभा राहिला. तेथें रानावनांतील जीवनाला वाहिलेल्या वाहिन्या निघाल्या, घरबसल्या खरेदीच्या वाहिन्या निघाल्या, आणि हे दोन्ही धंदे एकाच छपराखालीं मांडण्याचेही प्रयत्न झाले. त्यांतील कांहीं आज जिवंत आहेत, कांहीं लोपल्या. ज्या लोपल्या त्या कां लोपल्या, हें पाहणें उद्बोधक आहे. कारण त्यांत करमणूक आणि व्यापार यांच्या नात्याचें सारें मर्म सांठविलेलें आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला प्रथम ही जोडीच विजोड वाटेल. कोठें डोंगरांतील ओढ्याच्या कांठीं गळ टाकून बसलेला माणूस, आणि कोठें दुकानदाराची घासाघीस! पण अमेरिकेंत या दोहोंचें सख्य जुनें आहे. तो देश विस्तीर्ण. शिकारी व मासेमार यांची वस्ती बहुधा मोठ्या पेठांपासून दूर. आणि त्यांचा छंद असा कीं, त्याला सामान लागतें. बूट, तंबू, गळ, दोऱ्या, सुऱ्या, कंदील, एक ना दोन. दुकान दूर आणि गरज मोठी, अशा ठिकाणीं टपालानें माल मागविण्याची पद्धत रुजली नसती तरच नवल.

मेन संस्थानांतील लिऑन लिऑनवुड बीन यांची हकीकत या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शिकारीला जातांना पाय ओले होतात, म्हणून त्यांनीं खालीं रबराचा तळ व वर चामडें असा एक बूट तयार केला. इ. स. १९१२ सालीं त्यांनीं परगांवच्या शिकाऱ्यांना माहितीपत्रकें पाठविलीं. हीं नांवें त्यांना कोठून मिळालीं? मेन संस्थानाबाहेरील ज्या लोकांनीं तेथें शिकारीचा परवाना काढला होता, त्यांच्या यादींतून. पहिल्या शंभर जोडांपैकीं नव्वद जोड शिवण उसवल्यामुळें परत आले. बीन यांनीं प्रत्येकाचे पैसे परत केले, कर्ज काढलें, बूट सुधारला आणि पुन्हां विक्रीस काढला. न पाहिलेल्या माणसाला न पाहिलेला माल विकावयाचा, तर त्यासाठीं भांडवल लागतें तें विश्वासाचें, हा धडा त्या नव्वद जोडांनीं शिकविला. ती पेढी अद्याप चालू आहे.

दुसरें उदाहरण नेब्रास्का संस्थानांतील डिक कॅबेला यांचें. गळाला लावण्यासाठीं पिसें व दोरा यांच्या बनावट माश्या करतात. त्या त्यांच्याजवळ पुष्कळ होत्या. १९६१ सालीं ‘एका डॉलरला बारा माश्या’ अशी जाहिरात त्यांनीं वर्तमानपत्रांत दिली. उत्तर आलें एकच. मग त्यांनीं मजकूर बदलला : पांच माश्या फुकट, फक्त टपालहंशिलाचे पंचवीस सेंट पाठवा. मागण्यांचा पाऊस पडला. प्रत्येक पुडक्यांत ते इतर वस्तूंची यादी घालीत, आणि त्या यादींतून पुढें मोठें सूचीपत्र व मोठी व्यापारी संस्था उभी राहिली. व्ही. पी. नें पुस्तकें व औषधें मागविण्याची ज्या घरांत रीत होती, त्यांना या व्यवहाराची ओळख नव्यानें करून द्यावयास नको.

या सख्याची आणखी एक बाजू आहे व ती लोककल्याणाची आहे. १९३७ सालीं अमेरिकेंत पिटमन-रॉबर्टसन या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला. शिकारीच्या बंदुका व दारूगोळा यांच्यावरील कराचें उत्पन्न या कायद्यानें वन्य प्राण्यांच्या संरक्षणासाठीं राखून ठेवलें. तें निरनिराळ्या संस्थानांना वांटून दिलें जातें. १९५० सालीं मासेमारीच्या सामानाबाबतही असाच कायदा करण्यांत आला. म्हणजे त्या देशांत गळ विकत घेणारा मनुष्य नकळत नदीच्या रक्षणालाही हातभार लावीत असतो. तेव्हां रान आणि दुकान यांचें वैर आहे असें सरसकट म्हणतां येत नाहीं. प्रश्न आहे तो दोहोंच्या प्रमाणाचा आणि प्रामाणिकपणाचा.

दूरचित्रवाणीवर रानांतील जीवन आलें तें प्रथम पाहुणा म्हणून. ए. बी. सी. या मोठ्या प्रक्षेपण संस्थेनें १९६५ सालीं ‘दि अमेरिकन स्पोर्ट्समन’ हा कार्यक्रम सुरू केला. क्रीडांचे वर्णनकार कर्ट गौडी नामवंत पाहुण्यांना घेऊन शिकारीला व मासेमारीला जात आणि प्रेक्षक घरीं बसून तें पाहत. १९८६ सालापर्यंत तो चालला. १९८३ सालीं केबलच्या द्वारां दिसणारी ‘दि नॅशव्हिल नेटवर्क’ ही वाहिनी निघाली. तिचा भर ग्रामीण संगीतावर होता. परंतु मासेमारीच्या कार्यक्रमांनाही तिच्याकडे आसरा मिळाला. पुढें मालक बदलले, नांव बदललें, तरुण शहरी प्रेक्षकांची ओढ लागली, आणि त्या घरांतून गळवाल्यांना बाहेर पडावें लागलें.

याच सुमारास पूर्णपणें रानाला वाहिलेल्या वाहिन्या पुढें आल्या. त्यांपैकीं ‘आउटडोअर चॅनेल’ हिचा जन्म मोठा विलक्षण आहे. कॅलिफोर्नियांतील मॅसी कुटुंबाचा मूळ उद्योग सोनें शोधण्याचा. नद्यांच्या वाळूंतून सोन्याचे कण वेंचण्याचा छंद असलेल्या लोकांची एक संघटना जॉर्ज मॅसी यांनीं १९६८ सालीं स्थापिली होती. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत या कुटुंबानें स्वतःची वाहिनी काढली. सोनें शोधणाऱ्यांच्या कार्यक्रमाशेजारीं शिकार व मासेमारी यांचे कार्यक्रम येऊन बसले व हळूहळू तेच मुख्य झाले. छंद, छांदिष्टांची संघटना, आणि त्या संघटनेला बोलाविणारी वाहिनी, अशी ती सांखळी होती. १९९५ सालीं ‘आउटडोअर लाइफ नेटवर्क’ ही दुसरी वाहिनी निघाली. तिनें आपलें नांव एका जुन्या व नामांकित शिकारी मासिकावरून घेतलें होतें.

आतां अशा वाहिनीचा खर्च कोण भरतो, हें समजून घेतलें पाहिजे. कारण वाहिनीचें आयुष्य तिच्या कार्यक्रमांपेक्षां हिशेबाच्या वहींतच अधिक स्पष्ट लिहिलेलें असतें. उत्पन्नाचे मार्ग मुख्यतः चार. पहिला, जाहिरातदारांकडून मिळणारा पैसा. दुसरा, घरोघरीं तार पोंचविणाऱ्या केबल कंपन्या दर घरामागें जो कांहीं सेंटांचा मोबदला देतात तो. तिसरा, वेळेची विक्री : कार्यक्रम करणारा स्वतः वाहिनीला पैसे देऊन अर्धा तास विकत घेतो आणि त्यांतील जाहिराती आपण विकून खर्च भरून काढतो. रानाविषयींच्या वाहिन्यांवर हा तिसरा मार्ग फार रूढ झाला. अशा कार्यक्रमांतील गळ कोणत्या कारखान्याचा व बंदूक कोणाची, हें मग केवळ योगायोगावर राहत नाहीं. चौथा मार्ग, वाहिनीनें स्वतःच दुकान होणें. तिसऱ्या मार्गावरून चौथ्यावर जावयास पाऊलभर अंतर पुरतें.

या चौथ्या मार्गाचा उगम दूरचित्रवाणींत नाहीं; तो नभोवाणींत आहे. फ्लॉरिडांतील क्लिअरवॉटर या गांवीं लॉवेल पॅक्सन यांचें एक छोटें ध्वनिक्षेपण केंद्र होतें. १९७७ सालीं एका जाहिरातदाराकडे पैसे थकले. रोख नव्हती, तेव्हां त्यानें डबे उघडण्याचीं विजेचीं हिरवट रंगाचीं ११२ यंत्रें केंद्राच्या पदरांत टाकलीं. पॅक्सन यांनीं तीं उचलून आपला निवेदक बॉब सिर्कोस्टा याच्यापुढें ठेवलीं आणि तीं श्रोत्यांना विकण्यास सांगितलें. किंमत ९ डॉलर ९५ सेंट. दूरध्वनी घणघणूं लागला व सर्व यंत्रें खपलीं. बुडीत कर्जाच्या वसुलीसाठीं केलेल्या या खटपटींतून एका नव्या व्यापाराचा जन्म झाला. १९८२ सालीं पॅक्सन व रॉय स्पीअर यांनीं टॅम्पा भागांतील केबलवर खरेदीची वाहिनी सुरू केली. १९८५ सालीं ती उपग्रहाच्या साहाय्यानें देशभर दिसूं लागली. तीच ‘होम शॉपिंग नेटवर्क’. पुढच्याच वर्षीं जोसेफ सेगेल यांनीं पेन्सिल्व्हेनियांत ‘क्यू. व्ही. सी.’ काढली. तिच्यावर प्रथम विकली गेलेली वस्तु म्हणजे स्नानगृहांत लावण्याचा एक रेडिओ!

या वाहिन्यांचें तंत्र साधें दिसतें, पण तें बारकाईनें बसविलेलें असतें. पडद्यावर एकच वस्तु, तिच्याशेजारीं किंमत, खालीं दूरध्वनीचा क्रमांक, एका कोपऱ्यांत उरलेली मिनिटें किंवा खपलेले नग दाखविणारा आंकडा. निवेदक घाई करीत नाहीं. तो गप्पा मारतो. मधूनच एखादें गिऱ्हाईक दूरध्वनीवर येतें, आपल्या गांवाचें नांव सांगतें, मागें घेतलेली वस्तु किती उपयोगी पडली तें सांगतें. दुपारच्या एकांतांत घरीं असलेल्या गृहिणीला किंवा वृद्ध माणसाला हा आवाज शेजाऱ्याचा वाटूं लागतो. वाहिनी वस्तु विकते हें खरें. परंतु अनेक प्रेक्षक सोबत विकत घेत असतात, हें त्याहून खरें. आणि मिनिटांचा कांटा सोबतीला घाईची जोड देतो. वस्तूची गरज आहे कीं नाहीं, हा प्रश्न मनांत येण्यापूर्वींच ती संपत आल्याची बातमी येऊन थडकते.

येथें कायद्याचा संबंध येतो. आकाशांतील लहरी मर्यादित असतात व त्या लोकांच्या मालकीच्या मानल्या जातात. त्यांचा परवाना सार्वजनिक हिताच्या अटीवर दिला जातो. जाहिरातींच्या वेळेवर अमेरिकेच्या प्रक्षेपण नियामक मंडळाचें जें बंधन होतें, तें १९८४ सालीं काढून टाकण्यांत आलें. मग संपूर्ण कार्यक्रमच जाहिरात असण्यास आडकाठी उरली नाहीं. खरेदीच्या संस्थांनीं लहान लहान प्रक्षेपण केंद्रें विकत घेतलीं. १९९२ च्या कायद्यानें स्थानिक केंद्रांचें प्रक्षेपण केबल कंपन्यांनीं दाखविलेंच पाहिजे असा दंडक घातला. तेव्हां अहोरात्र विक्री करणारें केंद्रही या सवलतीला पात्र आहे काय, असा वाद निघाला. १९९३ सालीं मंडळानें निर्णय दिला कीं, अशीं केंद्रेंही सार्वजनिक हित साधतात व म्हणून तीं पात्र आहेत. ज्यांना घराबाहेर पडतां येत नाहीं त्यांची सोय होते, हा या बाजूचा युक्तिवाद. विरुद्ध पक्षाचें म्हणणें असें कीं, बातम्या, शिक्षण व स्थानिक चर्चा यांच्यासाठीं राखलेली जागा दुकानानें अडविली. मूळ दंडकच घटनेशीं विसंगत आहे, ही केबल कंपन्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं फेटाळली. गाभाऱ्यांत दुकान मांडण्यास अशा रीतीनें कायद्याची संमति मिळाली.

तरीही कायद्याची संमति म्हणजे दीर्घायुष्याचें अभिवचन नव्हे. ‘शॉप ॲट होम’ या वाहिनीची कथा हें स्पष्ट करते. १९८० नंतरच्या दशकांत टेनेसी संस्थानांत ती सुरू झाली. सुऱ्या, तरवारी, जुनीं नाणीं, खेळाडूंचीं चित्रें असा तिचा माल. शिकारी व संग्राहक वृत्तीच्या पुरुषांना रात्रीं जागविणारा हा बाजार होता. २००२ सालीं स्क्रिप्स या बड्या वृत्तपत्र व प्रक्षेपण संस्थेनें तिचा मोठा हिस्सा घेतला व दोन वर्षांनीं ती पूर्ण ताब्यांत आणली. स्क्रिप्सजवळ स्वयंपाकाची व गृहसजावटीची अशा दोन लोकप्रिय वाहिन्या होत्या. तेथें प्रेक्षकाला जें पातेलें आवडेल तें येथें विकावयाचें, असा बेत कागदावर अगदीं बिनतोड होता. पण तोटा थांबेना. जून २००६ मध्यें स्क्रिप्सनें ती बंद केली. तिच्याजवळचीं पांच प्रक्षेपण केंद्रेंही विकलीं. टेनेसींतीलच एका जवाहिराच्या वाहिनीनें तिला थोडे दिवस पुन्हां उभें केलें. परंतु २००८ सालीं ती कायमची मिटली.

असें कां व्हावें? पहिलें कारण असें कीं, इतर वाहिन्यांना केबल कंपन्यांकडून पैसे मिळतात. खरेदीच्या वाहिनीला उलट त्यांनाच विक्रींतला वांटा द्यावा लागतो. दुसरें असें कीं, या धंद्यांत आकार हेंच सामर्थ्य. दोन मोठ्या संस्थांनीं पेठ व्यापल्यावर तिसऱ्याला नफा राखणें कठीण. आणि त्या दोन मोठ्याही शेवटीं वेगळ्या राहूं शकल्या नाहींत, २०१७ सालीं क्यू. व्ही. सी. च्या मालकांनीं होम शॉपिंग नेटवर्क आपल्यांत सामावून घेतली. तिसरें व मुख्य कारण म्हणजे आंतरजाल. दुकानाची वाट पाहत पडद्यापुढें बसण्याची गरजच उरली नाहीं. हवी ती सुरी हव्या त्या क्षणीं शोधतां येऊं लागली. ज्या वाहिनीजवळ मालाखेरीज देण्यासारखें कांहीं नव्हतें, तिचा माल दुसरीकडे मिळतांच प्रेक्षकाला तिथें थांबण्याचें प्रयोजन राहिलें नाहीं.

उलट टोंकाचें मरण ‘आउटडोअर लाइफ नेटवर्क’चें. तिला मोठ्या प्रेक्षकसमूहाचा मोह पडला. प्रथम फ्रान्समधील सायकलशर्यत, मग बर्फावरील हॉकी, असे खेळ येत गेले आणि रान मागें पडत गेलें. २००६ सालीं तिनें आपलें जुनें नांव टाकलें; २०१२ सालीं ती एका मोठ्या जाळ्याची क्रीडावाहिनी झाली; आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजीं तीही बंद करण्यांत आली. एक वाहिनी केवळ दुकान राहिली म्हणून संपली. दुसरी आपलें गिऱ्हाईकच विसरली आणि शेवटीं कोणाचीच उरली नाहीं. सोनें शोधणाऱ्यांची ती लहानशी वाहिनी मात्र टिकली. २०१३ सालीं एका क्रीडाव्यवसायी धनिकाच्या संस्थेनें ती विकत घेतली, परंतु शिकार आणि मासेमारी हा विषय तिनें सोडला नाहीं.

१२ जून २००९ रोजीं अमेरिकेंतील मोठ्या केंद्रांनीं जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण बंद करून अंकीय पद्धत स्वीकारली. ज्या लहरींच्या पट्ट्यावर पूर्वीं एकच चित्र मावे, त्यावर आतां अनेक मावूं लागलीं. एका परवान्याच्या पोटांत दोन-चार उपवाहिन्या निघाल्या आणि ही रिकामी जागा भाड्यानें मिळूं लागली. त्यामुळें अल्प भांडवलाच्या नव्या जाळ्यांचें पेंव फुटलें. दिवसाचा कांहीं भाग शिकार व मासेमारीचे कार्यक्रम, उरलेला भाग विक्री, असा मेळ घालणें त्यांना सोयीचें होतें. कारण कार्यक्रम करणारे वेळेचे पैसे देणार आणि विक्रीवाले उरलेले तास भरणार. पण ज्याला जागेचें भाडें दोन्हींकडून मिळतें, त्याला प्रेक्षकाचें मन राखण्याची निकड वाटत नाहीं. अशीं जाळीं पुष्कळदां गाजावाजा न होतां निघालीं आणि तितक्याच शांतपणें नाहींशीं झालीं. त्यांच्या जाण्याची तक्रार फारशी कोणी केली नाहीं, हीच त्यांच्यावरील सर्वांत कडक टीका होय.

हा व्यापार हिंदुस्थानांतही आला. १९९० नंतर केबलबरोबर व्यायामाच्या व स्वयंपाकाच्या उपकरणांचीं लांबलचक विक्रीचित्रें घरोघरीं दिसूं लागलीं; २००८ सालीं ‘होमशॉप १८’ ही अहोरात्र विक्रीची वाहिनी निघाली. वस्तु दारांत आल्यावर रोख पैसे देण्याची सोय, म्हणजे जुन्या व्ही. पी. चेंच नवें रूप, हा या धंद्याचा कणा होता. नोव्हेंबर २०१६ मध्यें पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हां त्या कण्यालाच धक्का बसला. देश निराळा, माल निराळा. परंतु केवळ विक्रीवर उभ्या असलेल्या वाहिनीचें जीवित किती नाजूक असतें, याचा प्रत्यय येथेंही आला.

या साऱ्यांतून निष्पन्न काय होतें? व्यापार निंद्य आहे असें नव्हे. बीन यांचा बूट ओल्या पायांच्या गरजेंतून निघाला आणि नव्वद जोडांचे पैसे परत करून त्यानें आपली जागा मिळविली. मासा कोणत्या ऋतूंत कोठें सांपडतो, वाऱ्याच्या कोणत्या बाजूनें हरणाजवळ जावें, नदीची वाळू कशी पाखडावी, हें जो कार्यक्रम शिकवितो त्याच्यापाशीं प्रेक्षकाला देण्यासारखें कांहीं असतें. शेजारीं दुकान असलें तरी तें देणें कमी होत नाहीं. उलट ज्ञानाचा भाग आटून केवळ माल उरला कीं, प्रेक्षक आणि वाहिनी यांच्यांत किंमतीखेरीज दुसरा धागा राहत नाहीं, आणि तो धागा पहिल्या स्वस्त दुकानापाशीं तुटतो. कोणत्याही वाहिनीची परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद केल्यावर पाहणाऱ्याजवळ काय उरतें, एवढेंच विचारावें. कांहीं तरी शिकल्याचें किंवा आनंदाचें समाधान उरत असेल, तर शेजारच्या दुकानाचें ओझें होत नाहीं. आणि केवळ पावती उरत असेल, तर ती वाहिनी चालली काय किंवा बंद पडली काय, घराला तिची उणीव भासत नाहीं.